हटवणे आणि नियमित

थोरल्या लेकीचं, कमळाचं, लग्न झालं ते १९८२ साल. त्याच उन्हाळ्यात धानोऱ्याहून वनजमिनीचा सरकारी कागद आला. घरात शिकलेला एकच, माझा धाकटा भाऊ मुखरू.

“काय लिवलं रे?”

“अतिक्रमण हटवून राह्यले, दादा. शेत सोड, नाई तं जेल.”

माझ्या बायकोनं, गुणाबाईनं, आणि मी जंगल मोडून केलेलं शेत आम्ही सोडलं. पावसाळ्यात तिथं मुखरूचा नांगर चालला; “सरकारनं मले कसाले देल्लं,” म्हणाला.

कागद मी धान्याच्या कोठीला चिकटवला होता. १९८७ मध्ये प्रौढवर्गात अक्षरं शिकलो आणि तो कागद वाचला. ‘अतिक्रमण नियमित करण्यासाठी अर्ज करावा.’ ‘हटवणे’ त्यात कुठंच नव्हतं.

मुखरू हसला. “तू तं पंडित झाला, दादा! पण मुदत गेली.”

गुणाबाई १९८५च्या पोळ्यालाच वारली होती.