सुपारी जागेवर आहे

सकाळी अकराच्या आत चार जणांनी माझं अभिनंदन केलं आणि चौथ्याला मी जवळजवळ मारलंच असतं. किराणा दुकानदार म्हणाला, "पाह्यली बरं तुही बातमी, सारिका. मस्त वाचली." मी त्या दिवशी बातमी वाचलीच नव्हती.

नीट सांगते. आमचा पंचधान संघ हा पाच मित्रराष्ट्रांचा संघ आहे. नकाशात शोधू नका, टाळेबंदीत घरी बसून बसून तो आम्हीच काढलाय. अमडापूरच्या हर्षलचा ज्वारगड, दीपकचं तूरस्तान, पिंपळगाव राजाच्या वंदनाचं मूगनगर, जानेफळच्या गोकुळची तीळवाडी, आणि सगळ्यांचं वाटून झाल्यावर उरलेलं करडईस्थान माझं. गावकुसाबाहेरच्या आमच्या वस्तीतून संघात मी एकटीच. झेंडे आहेत, घटना आहे, तह आहेत आणि यूट्यूबवर 'संघवार्ता' नावाची सरकारी वृत्तवाहिनी आहे. तिची वृत्तनिवेदिका मी, पासवर्ड मात्र हर्षलकडे. पहिल्यांदा लोक हसले. मग त्यांना कळलं की ज्वारगडच्या खड्ड्यांची बातमी म्हणजे आपल्याच रस्त्याची बातमी. आता हजारो लोक बघतात, आणि मी वाचलं म्हणजे खरं, असं धरून चालतात.

आमच्या राष्ट्रांत काय घडतं हे कोणी मनानं ठरवत नाही, नाहीतर जो तो आपलंच घोडं पुढे दामटेल. भेंडवळला अक्षय तृतीयेला पीकपाण्याचं आणि राजाचं भाकीत बघायला घट मांडतात, तसा आम्ही हर्षलच्या आवारात छोटा घट मांडतो. मधे घागर, भोवती पाच धान्यं, विड्याच्या पानावर सुपारी. सुपारी म्हणजे राष्ट्राध्यक्ष. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पानावर असली तर अध्यक्ष कायम, घरंगळली तर ज्या धान्यात पडली त्या राष्ट्राकडे अध्यक्षपद. हा नियम हर्षलनंच लिहिला, कारण सुपारी हलेल असं त्याला वाटलंच नव्हतं. तीन वर्षं मी हसऱ्या चेहऱ्यानं वाचत आले, "सुपारी जागेवर आहे. राष्ट्राध्यक्ष हर्षल कायम."

यंदा ती करडईत पडली होती. उजाडल्यावर हर्षल, दीपक आणि मी, तिघांनी आपापल्या डोळ्यांनी पाहिली. उंदरानं ढकलली की वाऱ्यानं, देव जाणे. हर्षलचा चेहरा पडला, पण म्हणाला, "नेट नाई आता. बातमी संध्याकाळी करू." मी खुळ्यासारखी घरी आले आणि संध्याकाळसाठी ड्रेसला इस्त्री करत बसले.

दुकानदारानं मोबाइल पुढे केला तेव्हा कळलं. वर आजची तारीख आणि खाली मी, गोड हसून सांगतेय की सुपारी जागेवर आहे. अंगावर निळी ओढणी, जी मी दिवाळीला बोहारणीला देऊन टाकली होती. मागच्या वर्षीची मी! खोटं दुसरं कोणी बोललं तर त्याच्याशी भांडता येतं. इथं माझंच तोंड माझ्या विरोधात बोलत होतं, आणि लोक त्याखाली फुलं टाकत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दीपक स्टँडवर चहा पीत होता.

"तू होता ना तिथं? कुठं होती सुपारी?"

"करडईत होती असं वाटलं तं मले," तो कपात बघत म्हणाला. "पन बातमीत तू स्वतःच सांगून राह्यली ना, जागेवर आहे म्हनून."

"ते मागच्या सालचं आहे, दीपक."

"असंन. पन आता सगळ्यायनं पाह्यलं ना."

डोळे होते त्याला, दोन होते. मी त्याला तिथंच सोडून हर्षलच्या घरी निघाले आणि फाटकातच स्वतःच्या फोनवर लाइव्ह सुरू केलं. माझा चेहरा ओळखीचा, त्यामुळं लोक भराभर जोडले गेले. दीपकही मागून आलाच, तमाशा कोणाला चुकवायचा असतो?

आवारात हर्षलचे वडील उकंडराव बाजेवर पडले होते आणि आई रुखमाबाई गहू निवडत होत्या. सुपारी पुन्हा पानावर ऐटीत बसली होती. मी ती उचलली तर खाली पान लटकत आलं. चुन्यानं चिकटवली होती.

"खेळच आहे, सारिका," हर्षल म्हणाला. "काऊन एवढं अंगाले लावून घेतं?"

"खेळ आहे तं सोड खुर्ची."

तो हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "तूच सरकवली असंन. बाकीचं धान्य सोडून तुह्याच करडईत कशी पडली थे?"

म्हणजे मी चोर. एवढ्या वर्षांत त्या घराचा उंबरा मला कधी कोणी ओलांडू दिला नाही, आवारात बसून मी यांचं राज्य वाचलं, आणि चोर मी. फोन मी खाली केला नाही.

"तिनं कायले सरकवंन?" रुखमाबाई गव्हातला खडा फेकत सहज म्हणाल्या. "म्या सडा टाकला तवाच करडईत होती. हे पोरगी तं मंग आली. तूनंच नाई का माह्या चंचीतला चुना नेला चिकटवाले?"

"माय, तू घरात जाय," हर्षल दात आवळून म्हणाला.

उकंडराव उठून बसले. "हे फोन चालू आहे काय वं?"

"हाव, काका. लोक पाहून राह्यले."

त्यांनी टोपी झटकली आणि लेकाकडे पाहिलं. "दे तिले काय पाह्यजे थे. सोयऱ्याधायऱ्यायनं पाह्यलं असंन आता."

मी एकच गोष्ट मागितली. संघवार्तेचा पासवर्ड. हर्षलनं तो कागदाच्या कपट्यावर लिहून माझ्या अंगावर टाकला. कपटा मी उचलेपर्यंत दीपक माझ्या कानाशी हजर होता.

"अध्यक्षताई, आता ते लाइव्ह बंद करा," तो हळूच म्हणाला. घटकेपूर्वी 'तू' म्हणणारा दीपक! "निवांत बसून आपल्या सोयीची एक चांगली बातमी बनवू. वाहिनी आता आपलीच आहे."

हर्षलपेक्षा मला त्या क्षणी दीपकचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण एक पळभर मला ते बरं वाटलं होतं. मी फोन स्वतःच्या तोंडासमोर धरला.

"नमस्कार. आज सकाळची बातमी खोटी होती. ते चित्रण मागच्या वर्षीचं आहे. यंदा अध्यक्षपद करडईस्थानकडे आलंय आणि अध्यक्ष म्हणून माझा हा पहिला आणि शेवटचा हुकूम. ही वाहिनी यापुढं कोणा एकाच्या खिशात राहणार नाही, माझ्याही नाही. पासवर्ड सांगते. लिहून घ्या."

"सारिका, पागल झाली काय?" हर्षल धावत आला. उकंडरावांनी त्याला दंडाला धरून बाजेवर बसवलं.

मी एकेक अक्षर सावकाश वाचलं, आणि ज्यांचं लिहायचं राहिलं असेल त्यांच्यासाठी पुन्हा एकदा वाचलं.