खुंटीवरचा लाल टॉवेल

मी मुळातच संशयी. त्यामुळे दुसऱ्या एका प्रयोगशाळेने "तुमच्या औषधाने आमच्या उंदरांची स्मरणशक्ती काही सुधारली नाही" असं कळवलं, तेव्हा पहिला संशय मला त्यांचाच आला. जळतात मेले. दुसरा आला आमच्या आकडेवारीवाल्याचा. हल्ली तो माझी नजर चुकवत होता.

उंदरांचं सगळं मी बघते, वीस वर्षं झाली. हौदातल्या गढूळ पाण्याखाली एक पाट लपवलेला असतो. त्याची जागा लक्षात ठेवून उंदराने पोहत तिथे जायचं. औषधवाले उंदीर सकाळी, बिनऔषधाचे जेवणानंतर, हा माझा शिरस्ता. औषधवाले सरळ पाट गाठत, दुसरे गरगरत राहत. डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं असेल?

आणि मला ते खरं हवंच होतं. घरी ह्यांना आताशा माझं नावही आठवत नाही. माणसांवरच्या चाचणीच्या यादीत आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी ह्यांचं नाव घातलं होतं. शुक्रवारी सह्या होणार होत्या.

बुधवारी सकाळी औषधवालेही गरगरू लागले. एकूण एक. मी तडक आकडेवारीवाल्याला गाठलं.

"औषधाच्या बाटल्यांना हात लावलात ना तुम्ही?"

"मावशी, मला तर तुमचाच संशय होता," तो शांतपणे म्हणाला. "आज काय बदललंय, तेवढं सांगा."

"काही नाही बदललं," म्हणत मी हात पुसायला वळले. खुंटी रिकामी होती. माझा लाल टॉवेल मी काल घरी धुतला होता आणि आणायला विसरले होते.

रोज सकाळी तो हौदामागच्या कोऱ्या भिंतीवर, अगदी पाटाच्या रोखाने लटकायचा. जेवताना मी तो मांडीवर घेई आणि मग पिशवीत टाकी. म्हणजे उंदीर माझा टॉवेल बघून पोहत होते. औषधाचा काही संबंधच नव्हता.

आकडेवारीवाल्याकडे पाठ करून मी हौद उपसायला घेतला. उद्या टॉवेल परत खुंटीवर लावायचा, दोन दिवस तोंड मिटून बसायचं. शुक्रवारी सह्या झाल्या की झालं, असं ठरवूनच घरी गेले.

दार ह्यांनी उघडलं. खूश दिसत होते.

"आज एकटा बाहेर जाऊन आलो," हे म्हणाले. "घर बरोबर सापडलं. गॅलरीत तो लाल टॉवेल होता ना."

मला रडू आलं. टॉवेल मी दोरीवरून काढला नाही.

गुरुवारी मॅडमकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी चाचणीची यादी फाडून टाकली.