माहेरचं रक्त

"आजी, आता तुमचा हात द्या," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि वनमालेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आजारी होती तिची नात, चौदा महिन्यांची माणिक. तिला रक्ताची बाटली लावायला आणलं होतं. समोरच्या खाटेवर ती पोर पांढरीफटक पडून होती, सून सुनंदा तिचं पाऊल मुठीत धरून बसली होती, आणि ही कालची पोरगी गळ्यात नळी अडकवून वनमालेचा हात मागत होती.

"माझा कशाला? मला काय धाड भरलीय?"

"तुम्हाला काही झालेलं नाही. पण आजोबांचं रक्त साफ निघालंय."

हे ऐकून तर तिचं डोकंच फिरलं. धाकू साफ! गिरणी बंद पडल्यापासून मुलुंडला एका सोसायटीच्या गेटवर बसून विड्या फुंकणारा तिचा नवरा साफ, आणि पहाटे उठून भटवाडीच्या चाळीत सगळ्या घराचं पाणी भरणाऱ्या बाईत खोट? ती म्हणाली, "तुमचं मशीन बिघडलंय. परत तपासा त्यांचं." शेजारच्या खाटेवरची माणसं वळून बघायला लागली. वनमालेला तेच हवं होतं. बघू देत, पालिकेच्या इस्पितळात म्हाताऱ्या माणसांना कसं छळतात ते.

डॉक्टर अनुपमा सबनीस मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी स्टूल ओढलं आणि तिच्यापुढे बसल्या. माणिकला थॅलेसेमिया आहे, हे त्यांनी आठ महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं. अंगात रक्त नीट तयारच होत नाही, म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी बाहेरचं द्यायचं. हा रोग लागण होऊन येत नाही, आईबापांकडून येतो, हेही सांगितलं होतं. सुनंदा आणि तिचा नवरा मधुकर, दोघांत अर्धी अर्धी खोट सापडली होती.

"तुमच्या चाळीत दोन नळ आहेत असं समजा," त्या म्हणाल्या. "रक्तातला लाल पदार्थ बनवायचे प्रत्येकाच्या अंगात असे दोन नळ असतात. जीन म्हणतात त्यांना. एक आईकडून येतो, एक बापाकडून. तुमच्या मधुकरचा एक नळ चांगला आहे. दुसराही जागेवर आहे, पण त्याच्या चावीत बारीकसा फरक आहे. ती पुरती उघडत नाही, थेंब थेंब गळते. एका नळावर घर चालतं, म्हणून तो धडधाकट दिसतो. सुनंदाचंही तसंच. माणिकच्या वाट्याला नेमके दोघांचे बिघडलेले नळ आले."

"माझ्या नातीला तुम्ही म्युनिसिपालटीचा नळ म्हणताय?"

"आजी, मधुकरचा बिघडलेला नळ आजोबांकडून आलेला नाही. मग राहिलं कोण?"

वनमालेने हात पुढे केला तो खात्रीने केला. निघू दे कागद साफ, मग या बाईला तिची जागा दाखवते, असं तिने मनात पक्कं ठरवलं होतं.

तिच्या एवढ्या संतापाचं कारण घरात होतं. सुनंदा म्हणजे कुणी परकी मुलगी नव्हे, वनमालेच्या सख्ख्या भावाची थोरली लेक. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, ही त्यांच्याकडची रीत. वनमालेने ती मिरवत पाळली होती. माझं माहेर असं, माझ्या माहेरचं रक्त तसं, हे सगळ्या चाळीला पाठ झालं होतं. आणि नात पांढरी पडायला लागली तेव्हापासून वनमाला सुनेला येता जाता टोचत होती. तू ग्रहणात भाजी चिरलीस. तू दिवसभर चहा ढोसायचीस. तुझ्याच अंगात रक्त नाही, तर पोरीला कुठून देणार? माहेराला धक्का न लावता माहेरच्या मुलीला झोडपायचं कसब तिने चांगलंच कमावलं होतं. सुनंदा ऐकून घ्यायची. आत्याच ती, बोलणार कोणाला?

आठ दिवसांनी परळच्या प्रयोगशाळेतून कागद आला. वनमालेत खोट होती.

"म्हणून तुम्हाला आयुष्यभर दम लागतो," डॉक्टर म्हणाल्या. "आणि लोहाच्या गोळ्या खाऊन काही फरक पडला नाही." हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या माहेरी कुणी लहान मूल गेलं होतं का? फिकट, पोट वाढलेलं?"

"नाही," वनमाला ताडकन म्हणाली. ती बाहेर आली, बाकावर बसली, आणि तिला शेवंती आठवली.

शेवंती तिची धाकटी बहीण, गावच्या घरात चौथ्या वर्षी गेली. हातपाय काटक्यांसारखे, पोट मात्र तट्ट. चालताना दर दहा पावलांवर बसायची. आजीने खापर फोडलं ते आईवर, तुझ्या पोटातच खोट म्हणून. वर्षभर तिला देवापुढे दिवा लावू दिला नाही. आणि आई कोण होती? आजीच्याच भावाची मुलगी! वनमाला तेव्हा नऊ वर्षांची होती. आई चुलीपुढे बसून तोंडात पदर कोंबून रडायची ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि पन्नाशीला आल्यावर तेच, शब्दाला शब्द, सुनंदाला ऐकवलं होतं. बाकावर बसल्या बसल्या वनमालेने स्वतःलाच अशी शिवी हासडली, की शेजारची बाई सरकून बसली.

ती उठून परत आत गेली. "होती," ती म्हणाली. "बहीण होती. पण ती चार वर्षं जगली, बाटलीबिटली न लावता. आमची तर सहा महिन्यांतच..."

"चावी सगळ्यांची सारखीच अडकलेली नसते, आजी. कुणाकडे थोडं जास्त पाणी येतं, कुणाकडे अगदीच नाही. एकाच घरातसुद्धा फरक पडतो." डॉक्टरांनी कागद खाली ठेवला. "आता घरात आणखी असं लग्न ठरलेलं नाही ना?"

ठरलेलं होतं. धाकटा रतन आणि सुनंदाची पाठची बहीण कुंदा. वैशाखात, तीन आठवड्यांवर. तेही वनमालेनेच जमवलं होतं.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं. दोघांचं रक्त तपासा. एकातच खोट निघाली, तर खुशाल लग्न करा, मूल असं आजारी निघणार नाही. दोघांत निघाली, तर दर बाळंतपणाला चारात एक माणिक.

रतनने त्याच दिवशी हात दिला. त्याला समजावावं लागलं नाही, पुतणीला बाटली लावताना तोच धरून बसायचा. दुसऱ्या दिवशी वनमाला बोरिवलीला भावाकडे गेली. बाळा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, दोन खोल्यांचा ब्लॉक, दारावर पितळी पाटी. लग्नपत्रिकांचा गठ्ठा टेबलावरच होता. बाळा त्यांना हळदकुंकू लावत बसला होता आणि त्याची बायको नलिनी पत्ते वाचून दाखवत होती. भावापुढे वनमालेच्या तोंडात गावची बोली यायची. तिने सगळं सांगितलं, अगदी नळासकट.

"अक्का, तुका खूळ लागला काय?" बाळा म्हणाला. "पत्रिका छापून इल्यात. बत्तीस गुण जुळतत."

"गुण जुळूंदेत. रगात जुळला तर वाट लागतली, बाळा."

"आमच्या घराण्यात असला काय एक नाय. सुनंदा हयसून गेली तेव्हा टुणटुणीत होती. तुझ्या घरात गेली नि पोर आजारी झाला. मग खोट कोणाची?"

वनमालेला मुस्काटात बसल्यासारखं झालं. "माझी," ती म्हणाली. "माझीच आसा. कागद बघ. पण माझ्यात ती खयसून इली? तुझ्यामाझ्या आवशीबापाशीकडून. शेवंतीक इसारलंस?"

"शेवंतीक नजर लागली."

"नजर नाय रे मेल्या! आवशीक वर्षभर देवापुढे जावूक दिल्यानी नाय, ता नजरेपायी? तिचा कायएक चुकला नव्हता!" तिचा आवाज एवढा चढला की खालच्या मजल्यावरचं कुणीतरी जिन्यात आलं.

बाळाने दार लावून घेतलं. त्याला आजाराचं भय नव्हतं, दाराबाहेरच्या कानांचं होतं. कुंदेच्या पाठीवर आणखी एक मुलगी होती. रक्त तपासलं हे चारचौघांत झालं, तर तिला कोण करणार, असं त्याने दातओठ खात विचारलं.

"तपासणी नाय तर लगीन नाय," वनमाला म्हणाली. "माझो झील रतन मी बोहल्यार उभो करूचंय नाय."

"मग ह्या घराची पायरी चढू नको."

चढणार नाही म्हणून ती उतरली. माहेर म्हणून जे काही शिल्लक होतं ते तेवढंच होतं, आणि ते तिने आपल्या हाताने तोडलं होतं. बसमध्ये ती पूर्ण वेळ पुटपुटत होती. कंडक्टरने तिकीट विचारलं तर त्याच्यावरही खेकसली.

चार दिवसांनी माणिकची बाटली होती. वनमाला नातीला मांडीवर घेऊन वॉर्डात बसली होती, तर दारात नलिनी आणि तिच्यामागे कुंदा. नलिनी वनमालेच्या माहेरी भावजय म्हणून येऊन अठ्ठावीस वर्षं झाली होती आणि अठ्ठावीस वर्षांत तिने नणंदेसमोर सलग चार वाक्यं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"हे कचेरीत गेलेत," नलिनी म्हणाली. "वन्सं, रक्त कुठे देतात?"

वनमालेने बोट दाखवलं. बाटली लागलेली असल्यामुळे तिला उठता येईना. मायलेकी आत गेल्या, बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. कुंदाने माणिकच्या गालाला बोट लावलं आणि डोळे पुसत निघाली.

कागद आले. रतनचा मधुकरने आणला. रतनमध्ये खोट होती. कुंदाचा नलिनीने स्वतः जाऊन घेतला, तो साफ होता. एकातच, म्हणजे लग्नाला हरकत नव्हती. त्या रात्री वनमाला कित्येक महिन्यांनी पोटभर जेवली.

रविवारी सकाळी बाळा भटवाडीत आला. मागे नलिनी. कागद त्याच्या हातात होता आणि तोंडावर असा आनंद, की वनमाला आधी फसलीच, समेट करायला आलाय म्हणून चहा टाकायला उठली.

"बस अक्का," तो स्वतः बसत म्हणाला. चाळीतली माणसं ऐकतायत म्हणून त्याने कचेरीतली भाषा काढली. "माझी कुंदा साफ आहे. खोट तुझ्या रतनमध्ये आहे. अशा घरात मी दुसरी मुलगी देणार नाही. लग्न मोडलं."

रतन भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बसला.

"अरे, एका बाजूला असलं तर काही होत नाही!" वनमाला ओरडली. "डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. पंधरा दिवसांपूर्वी तुला कागद नको होता, तेव्हा सगळं थोतांड होतं. आज तोच कागद नाचवतोस?"

"माझ्या मुलीचं भलं मी बघायचं नाही?"

"बाबा," सुनंदा म्हणाली. ती माणिकला कडेवर घेऊन आतल्या दारात उभी होती. "मग माझ्यात कुठून आलं?"

बाळाने मागे न बघताच अंगठा मागे केला. "हिच्याकडून. हिच्या माहेरची माणसं बघितलीस ना? सगळी पांढरट. आमच्याकडे असलं कधी नव्हतं."

वनमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. ती बाळाकडे गेली नाही, सुनंदाकडे गेली, आणि चाळीतल्या झाडून सगळ्या उघड्या दारांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "गो सुनंदा, आठ महिने मी तुला जे बोलले ते सगळं खोटं होतं. ते माझ्यात होतं. तुझ्या बापाच्या घरातून मीच घेऊन आले. माझं तोंड जळो. तू मला माफ करू नको, पण हे ऐकून ठेव." मग ती भावाकडे वळली. "आणि तू, मेल्या, आता नलिनीच्या डोक्यावर..."

"वन्सं, थांबा," नलिनी म्हणाली.

तिने खांद्याची पिशवी पुढे घेतली, आतून घडी घातलेला एक कागद काढला आणि नवऱ्यापुढे धरला. तो घेईना, तेव्हा तिने तो त्याच्या मांडीवर ठेवला.

"कुंदाबरोबर त्या दिवशी मीपण हात दिला," ती म्हणाली. "मीच म्हटलं, माझंही घ्या. तुम्ही काय बोलणार ते मला ठाऊक होतं. वाचा. माझ्यात काही नाही."

बाळाने कागद वाचला. परत वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली.

"तुमचं रक्त काढायची आता गरजसुद्धा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या," नलिनी म्हणाली, आणि रतनकडे बघून पुढे म्हणाली, "उठा जावईबापू. लग्न ठरल्या दिवशीच होईल."