यादीतल्या दोघी

दवाखान्याच्या कचेरीतल्या किरणकुमारने संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि त्यावर बोट टेकवलं.

"इथं दोन बायका दिसायल्यात, अक्का. शिवकन्याचे दोन निबंध, विजयश्रीचा एक."

"दोघी मीच हाय की."

"मला ठाऊक हाय. मशीनला कोण सांगणार? त्याला काय तुमच्या लग्नाचं बोलावणं नव्हतं."

ती हसली नाही. दवाखान्यात कोण किती संशोधन करतं याची मोजणी चालली होती, आणि तीन शोधनिबंध नावावर असतील त्यालाच नोकरीत कायम करणार होते. तिचे पहिले दोन निबंध कलबुर्गीत फिजिओथेरपी शिकताना, माहेरच्या नावाने छापलेले. तिसरा निर्णा गावच्या शिवारात तूर कापणाऱ्या बायकांच्या कंबरदुखीवरचा. दिवस भरत आलेले असताना बांधावर बसून तिने एकेकीची विचारपूस केली होती. त्या निबंधावर मात्र लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलेलं नाव होतं. सासूने, सत्यभामाबाईंनी निवडलेलं.

"प्रतिज्ञापत्र दिलं तर?"

"ते पुढच्या साली बघतील. यादी आज संध्याकाळी जायलीय. तिसरा अजून छापायचाय न्हवं? छापणाऱ्यांना मेल करा, नाव बदला म्हणून. सर्टिफिकेटं जुन्याच नावाची हैत तुमची. एका ओळीचं काम."

ओळ एकच होती. पण निबंध छापायला घेतला म्हणून कळलं त्या दिवशी सत्यभामाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले होते. 'आमच्या विजयश्रीचं नाव पुस्तकात येणार' हे आता पिठाच्या गिरणीवालीलाही पाठ होतं.

दुपारी त्या रोजच्यासारख्या बाळाला घेऊन आल्या. दवाखान्यामागच्या कडुनिंबाच्या पारावर ओढणीआड लेकराला पाजता पाजता तिने सगळं सांगितलं.

"कामून? मी दिलेलं नाव वंगाळ हाय का?"

"न्हाई ओ आत्या. तीन निबंध एकाच नावावर लागतात."

"मग ते दोन माझ्या नावावर करून घे की."

"ते छापून गेले. आता बदलत न्हाईत."

"म्हंजी बदलायचं ते माझंच."

बाळ पिता पिता थांबलं, तिच्या तोंडाकडे बघून दूधभरलं हसलं, पुन्हा प्यायला लागलं. तिने हातातला फोन पर्समध्ये टाकला.

"राहू द्या. पुढच्या साली बघू."

"तवर ठेवतील का तुला?"

तिने बाळाचं टोपडं उगाच सारखं केलं.

सत्यभामाबाईंनी बाळाला तिच्या मांडीवरून उचललं, खांद्यावर टाकलं आणि पाठ थोपटू लागल्या. ढेकर यायला बराच वेळ लागला.

"काढ तो फोन. लिही," त्या म्हणाल्या.

तिने ओळ लिहिली, एकदा वाचली आणि पाठवली. मग रोगी खोळंबले असतील म्हणून ती उठली आणि वऱ्हांड्याकडे निघाली.

"शिवकन्या!"

ती चालत राहिली. इथे सगळे तिला मॅडम म्हणत, नाहीतर अक्का. त्या नावाचं दुसरंच कुणीतरी असेल.

"अगं ए शिवकन्या! ऐकू यायलंय का न्हाई? डबा न खाताच चाललीस?"

ती वळली. सत्यभामाबाई एका हाताने बाळ सावरत, दुसऱ्या हाताने डबा पुढे करून, भलतीकडेच बघत उभ्या होत्या.