'नॉट'ची कैफियत

मित्रांनो, मी इंग्रजी भाषेतला एक जुना, झिजलेला शब्द आहे. माझे नाव 'नॉट'. तुमचा 'नाही' जे काम करतो, ते मी तिकडे करतो.

जन्मलो तेव्हा मी लांबलचक होतो. माझा अर्थ होता, 'एकही वस्तू नाही'. नकाराचे खरे काम 'ने' हा चिमुकला शब्द करी; मी मागून नुसता जोर लावत असे. पुढे बोलण्याच्या घाईत लोक त्याला गिळू लागले. तो नाहीसा झाला आणि सारा भार माझ्यावर आला. तेव्हापासून मला विसावा नाही. आता तर लोक मलाही अर्धा कापून दुसऱ्या शब्दांच्या शेपटीला चिकटवतात, 'डोन्ट', 'कान्ट' असे.

दिवसभर मला उगाचच उच्चारतात. पण एक दिवस मला आठवतो. दोनेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये, नॉर्फोक परगण्यातल्या एका गावी सुझॅना पेग या मोलकरणीवर चांदीचा चमचा चोरल्याचा खटला होता. दोषी ठरली असती, तर सात वर्षे समुद्रापार हद्दपारी. तेव्हाची रीत अशी, की बारा पंचांचे एकमत होईपर्यंत त्यांना कोंडून ठेवायचे. अन्न नाही, पाणी नाही, शेकोटी नाही.

अकरा जण तिला दोषी म्हणत होते. मेणबत्त्या करणारा थर्केटल तेवढा अडून बसला.

"तुझ्या एकट्यापायी आम्ही गारठलोय रे," पंचांचा प्रमुख गॅरड म्हणाला. "तिकडे खानावळीत कोकराची तंगडी वाळून चाललीय."

"वाळू दे. चमचा घेताना तिला कोणी पाहिलं, तेवढं सांगा."

"तिनंच घेतला असणार."

"असणार म्हणजे पाहिलं नाही."

"मेणबत्त्या वळून वळून डोकं वितळलंय तुझं," दुसरा पुटपुटला.

थर्केटल हलला नाही. दिवस कलला. शेवटी गॅरड कण्हत उठला. "बरं बाबा, तुझंच खरं. माझे पाय बधिर झालेत."

न्यायालयात त्याने मला उच्चारले: 'नॉट गिल्टी', म्हणजे 'दोषी नाही'. अकरा जणांनी मला भुकेपोटी स्वीकारले होते, एकाने विचारपूर्वक. सुझॅनाला तो फरक कळला नाही. तिने पहारेकऱ्याला हळूच विचारले, "म्हणजे मी जाऊ?"

"जा पोरी. जाताना दार लोटून घे, वारा येतोय."

मित्रांनो, मी थकलो आहे. मला हवे तितके तोडा, झिजवा. माझी तक्रार नाही. मात्र कोणाला दोषी ठरवण्याआधी थोडे थांबा. त्या वाक्यात माझी जागा आहे का, ते पाहा. पोट भरलेले असतानाही पाहा.