साहेबांनी जोडलेला पंप

पंप जोडण्याच्या कारखान्यात वहिनींना सहा महिन्यांसाठी पारखायला घेतलं होतं आणि आज शेवटचा दिवस होता. संध्याकाळी सुपरवायझर कागदावर सही करणार: एकतर जोडणीच्या टेबलावर कायम, नाहीतर परत पॅकिंगला, खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. चिकटपट्टीचा तो चर्र आवाज वहिनींना स्वप्नातही नको होता. त्यांना हवा होता हातात पाना, तेलाचा वास आणि आठ बोल्ट आवळल्यावर पंपाचा दांडा हातानं अलगद फिरला, की होणारा आनंद. चाळिशी ओलांडल्यावर बायकोला लोखंडाचं हे वेड लागावं, याचं नवऱ्याला भारी नवल वाटे.

सुपरवायझरांना सगळे घाईसाहेब म्हणत, अर्थात पाठीमागे. त्या दुपारी वहिनी पुढच्या पंपांसाठी रबरी रिंगा आणायला स्टोअरमध्ये गेल्या आणि घाईसाहेबांना तेवढाही धीर धरवेना. त्यांनी पाना उचलला आणि वहिनींच्या टेबलावरचा अर्धवट पंप स्वतःच जोडून टाकला. वहिनी परतल्या, तर साहेब ऐटीत घाम पुसत उभे.

"बघा, सहा मिनिटं! लावा हिरवा ठिपका आणि पाठवा पुढे."

हिरवा ठिपका म्हणजे पंप तपासल्याची खूण. लावणाऱ्यानं आधी दांडा हातानं फिरवून बघायचा. वहिनींनी फिरवला. फिरला छान, पण एका जागी किंचित अडला, भातात खडा लागावा तसा. पुन्हा फिरवला. घोडं नेमकं तिथंच पेंड खात होतं.

आता आली का पंचाईत! ठिपका लावावा, तर हा पंप आठवड्याभरात कुणाच्या तरी दारात मान टाकणार. न लावावा, तर सही करणाऱ्याच्याच कामाला नाक मुरडायचं, म्हणजे हात दाखवून अवलक्षण. शेजारच्या टेबलावरचे फिटरमामा डोळ्यांनी विनवत होते, लावा हो वहिनी, गपचूप लावा.

वहिनींनी हिरव्या रंगाचा ब्रश डब्यात ठेवून दिला.

"साहेब, अडतोय. खोलावा लागेल."

"अहो, मी जोडलाय तो!"

"म्हणूनच हळू आवाजात सांगतेय."

फिटरमामांना ठसका लागला. साहेब लालबुंद झाले. "खोला! पण आत काही निघालं नाही, तर उद्यापासून पॅकिंग."

आठ बोल्ट सुटेपर्यंत वहिनींचा जीव टांगणीला लागला होता. झाकण उचललं. आतल्या पंख्यामागे कडेनं कुरतडलेलं, शर्टाचं एक पांढरं बटण.

सगळ्यांनी साहेबांच्या बाहीकडे पाहिलं. साहेबांनीही पाहिलं. मनगटाशी नुसता दोरा लोंबत होता. अंगावर सैल काही ठेवू नका, म्हणून रोज सकाळी घसा फोडणारे ते हेच!

आधी फिटरमामा फुटले, मग आख्खी रांग. साहेबांनी चेहरा कडक ठेवायचा बराच प्रयत्न केला, पण शेवटी तेही पोट धरून हसले. हसता हसताच त्यांनी खिशातला कागद काढला, टेबलावर पसरला, सही ठोकली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'साहेबाचंसुद्धा ऐकत नाहीत. कायम ठेवावे.'

वहिनींनी ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले, पण हात तेलानं माखलेले, पुसणार कशानं? मग त्या तशाच हसत, नाक ओढत पुन्हा बोल्ट आवळायला लागल्या.