तांब्याचा पत्रा

दाढ सुजली म्हणून वनमाला मुलुंडला घराजवळच्या दातांच्या दवाखान्यात गेली होती. नंबर यायला वेळ होता. सूज किती वाढलीय ते बघायला ती भिंतीवरच्या आरशासमोर उभी राहिली, आणि आरशात तिला पाठीमागच्या भिंतीवरचं चित्र दिसलं.

आत येताना तिने ते पाहिलं होतं. काळ्या रेघांची नुसती गुंतवळ. आरशात मात्र अक्षरं होती. एकावर एक, तिरपी, आडवी, शेकडो वेळा एकच नाव. निधी. वेलांटीचं टोक गळासारखं आत वळवलेलं. अशी वेलांटी फक्त तिचा नवरा काढायचा.

सीताराम घाटकोपरला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून भांड्यांवर नावं घालायचा. आधी मशीनची सुई तांब्याच्या एका पत्र्यावर चालवून बघायचा. दोन वर्षांपूर्वी तो गेला, तेव्हा वनमालाने त्याची हत्यारांची पेटी न उघडताच भंगारात दिली होती.

ती तिथेच खुर्चीत बसली. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली होती. चार दिवस जगली, बारसंसुद्धा झालं नाही. इस्पितळात सीताराम तिच्या कानाशी एकदाच म्हणाला होता, "निधी म्हणू या हिला?" त्यानंतर त्याने ते नाव काढलं नाही. तो विसरला, असं धरून ती जन्मभर आतल्या आत त्याच्यावर रागावलेली होती.

काउंटरवरच्या मुलीने सांगितलं, ते एचिंग आहे, म्हणजे धातूच्या पत्र्यावर रेघा कोरून छापलेलं चित्र, वांद्र्याच्या ऋतिका नावाच्या चित्रकर्तीचं. जगात बाराच प्रती, त्यातली ही चौथी.

दाढ तशीच ठेवून वनमाला घरी आली. मुलाला, हर्षदला, तिने एवढंच सांगितलं की बाबांचा पत्रा सापडलाय. दुसऱ्या दिवशी तो तिला वांद्र्याला घेऊन गेला.

ऋतिकाला तो पत्रा गोवंडीच्या एका भंगारवाल्याकडे मिळाला होता. रेघा आवडल्या म्हणून तिने त्या आम्लाने आणखी खोल केल्या आणि छापल्या. छापताना सगळं उलटं उमटतं. शिवाय इतकी दाटी, की हे कुणाचं नाव असेल असं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. वनमालाचं ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

वनमालाने पत्रा बघायला मागितला. ऋतिका जागची हलेना.

"काकी, बारा प्रती झाल्या की पत्र्यावर काट मारतात," ती म्हणाली. "पुन्हा छापता येऊ नये म्हणून. मी मारलीय."

तिने पत्रा आणला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन खोल चरे. त्यांच्या खाली, बाजूला, सगळीकडे निधी, निधी. इथे नाव सुलट होतं. वनमालाने पत्रा मांडीवर घेतला आणि त्यावरून बोट फिरवत राहिली. ऋतिका स्वतःकडची प्रत देऊ लागली, ती तिने घेतली नाही. पत्रा मात्र खाली ठेवला नाही.

"आई, निधी कोण?" हर्षदने विचारलं.

"तुझी मोठी बहीण."

तो तिच्या पायाशी फरशीवर बसला. वनमाला त्याला त्या चार दिवसांचं सांगायला लागली. पोरीचं जावळ दाट होतं. रडायची अगदी बारीक आवाजात. बाबांनी तिला दोनदा उचलून घेतलं होतं.